विद्यापीठाच्या वाटेवर रूळ की बस?

छत्रपती संभाजीनगरच्या सार्वजनिक वाहतुकीची चर्चा निघाली की ती थोड्याच वेळात मेट्रोवर येऊन थांबते. मेट्रो परवडणारी नसेल तर ‘मेट्रो निओ’, तीही नको असेल तर रस्त्यालगतच्या रुळांवरून धावणारी हलकी गाडी, म्हणजेच लाइट रेल, असे पर्याय एकामागोमाग पुढे केले जातात. शेंद्रा ते वाळूज या पट्ट्यात मेट्रो आणि दुमजली उड्डाणपूल उभारण्याच्या कल्पनेवर महामेट्रोच्या साह्याने २०२२ मध्ये बराच ऊहापोह झाला. शहराच्या दोन टोकांच्या औद्योगिक वसाहती जोडणारा आणि मुख्यतः जालना रस्त्याच्या आधाराने जाणारा असा तो अक्ष होता. उद्योगनगरीच्या दृष्टीने ते समजण्यासारखेच आहे. परंतु हे शहर केवळ उद्योगनगरी नाही. ते मराठवाड्याचे विद्यापीठाचे गाव आहे, आणि या नात्याने त्याची वाहतुकीची गरज निराळी आहे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाच्या आधीच, १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या माध्यमातून येथे महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. खेड्यापाड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाच्या दारात आणावे, हा या संस्थांच्या स्थापनेमागील हेतू होता. तेव्हा विद्यापीठासाठी वाहतुकीचा कोणता पर्याय योग्य, हे ठरवताना कसोटी शहरातल्या चौकात लावून भागत नाही. ती देवगाव रंगारीसारख्या गावाच्या थांब्यावर लावावी लागते.

देवगावचा प्रवासी आणि शहराचा नकाशा

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवरचे, नावातच रंगाऱ्यांची ओळख जपणारे बाजारपेठेचे गाव. पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय परिसरात झालेली आहे. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण, संशोधन, व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करायची तर शहर गाठावे लागते. ज्याला वसतिगृह मिळते किंवा खोलीचे भाडे परवडते, तो शहरात राहतो. ज्याला परवडत नाही, त्याच्यापुढे रोजची ये-जा एवढाच मार्ग उरतो. ज्या घरातील मुलीला शहरात एकटी ठेवण्यास आईवडील तयार नसतात, तिच्या बाबतीत तर संध्याकाळची शेवटची खात्रीची गाडी कोणती, यावरच प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरते.

राज्य शासनाने या मुलींसाठी काही महत्त्वाचे निर्णय घेतले आहेत. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात दोनतृतीयांश सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सूट लागू झाली. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्यात आले. म्हणजे शुल्काचा अडथळा कमी झाला, तिकिटाचाही झाला. शिल्लक राहिला तो गाडीचा. गाडी वेळेवर आलीच नाही, तर सवलतीच्या पासाचा उपयोग काय?

या प्रवासाचा मार्ग पाहिला तर प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद असा येणारा रस्ता दौलताबादच्या किल्ल्याजवळील ऐतिहासिक दरवाजातून आक्रसून पुढे सरकतो. सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी तेथे कोंडी होते. पुढे पडेगाव, छावणी आणि मग मध्यवर्ती बसस्थानक. विद्यापीठाचा परिसर शहराच्या वायव्येस, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. छावणी आणि नागसेनवनाच्या अंगाने तो पश्चिमेकडून येणाऱ्या प्रवाशाला जवळ पडतो. तरीही एसटीने येणारा विद्यार्थी आधी शहराच्या गर्दीत मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जातो आणि तेथून रिक्षाने किंवा शहर बसने पुन्हा उलट दिशेने विद्यापीठाकडे निघतो. या परतीच्या वाटेवर बारापुल्ला, महेमूद आणि मकाई हे दरवाजे आणि त्यांना लागून असलेले खाम नदीवरचे अरुंद पूल आहेत. घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांसाठी बांधलेल्या या दरवाजांतून आजची वाहतूक जाते. पन्नास किलोमीटर आलेल्या विद्यार्थ्याला शेवटचे तीन-चार किलोमीटरच अधिक त्रासाचे ठरावेत, असा हा नकाशा आहे.

लाइट रेलची क्षमता आणि किंमत

लाइट रेल म्हणजे जुन्या ट्रामचे आधुनिक रूप. विजेवर चालणारे दोन-तीन डबे, रस्त्याच्याच पातळीवर राखून ठेवलेले रूळ, छोटी स्थानके आणि मेट्रोपेक्षा कितीतरी कमी बांधकाम. केंद्र शासनाने २०१७ मध्ये मेट्रो धोरण आणले. कोणत्याही शहराने मेट्रो मागण्यापूर्वी अन्य पर्यायांशी तिची तुलना करणे त्यात बंधनकारक करण्यात आले. पुढे मध्यम शहरांसाठी २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ आणि २०२० मध्ये ‘मेट्रो निओ’ यांचे निकष जाहीर झाले. मेट्रोलाइट ही लाइट रेलचीच भारतीय आवृत्ती. तासाला एका दिशेने १५ हजार प्रवासी हा तिचा आवाका. रबरी टायरवर, वरच्या तारेतून वीज घेत धावणारी मेट्रो निओ आठ हजारांपर्यंतच्या मागणीसाठी आहे.

या आकड्यांचा अर्थ विद्यापीठाच्या संदर्भात लावून पाहता येतो. दर पाच मिनिटांना साठ प्रवासी घेऊन एक बस सोडली तर तासाला ७२० विद्यार्थी विद्यापीठाच्या दारात पोहोचतात. दर मिनिटाला एक सोडली तर ३,६००. सकाळच्या गर्दीच्या तासात एकाच रस्त्याने, एकाच दिशेने यापेक्षा अधिक विद्यार्थी विद्यापीठाकडे जातील काय, या प्रश्नाचे उत्तर मोजणीने द्यावे लागेल. तोपर्यंत पंधरा हजारांच्या क्षमतेची मागणी करणे म्हणजे घरातली माणसे मोजण्याआधी मंगल कार्यालय ठरवण्यासारखे आहे.

खर्चाचेही तसेच. नाशिकच्या सुमारे ३३ किलोमीटरच्या मेट्रो निओचा अंदाज २,१०० कोटी रुपयांच्या घरातला होता, म्हणजे किलोमीटरमागे ६४ कोटींच्या आसपास. पुण्यातील हिंजवडी ते शिवाजीनगर या २३.३ किलोमीटरच्या मेट्रोचा मूळ अंदाज ८,३१३ कोटींचा; तेथे हेच प्रमाण साडेतीनशे कोटींच्या वर जाते. नाशिकचाच स्वस्त दर धरला तरी दहा किलोमीटरच्या मार्गाला साडेसहाशे कोटी लागतील. एका विजेरी बसची किंमत दीड कोटी धरली तर त्या रकमेत चारशेहून अधिक बस येतात. अर्थात बस घेणे सोपे आणि वर्षानुवर्षे चालवणे कठीण असते. चालकांचे वेतन, वीज, देखभाल यांचा तोटा दरवर्षी सोसावा लागतो. परंतु हा तोटा रुळांवरच्या गाडीलाही चुकत नाही.

नाशिकचा अनुभव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा असा आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये या प्रकल्पाला मान्यता दिली. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. देशातील पहिली मेट्रो निओ म्हणून तिचा गाजावाजाही झाला. त्यानंतर प्रकल्प केंद्राच्या अंतिम मंजुरीपाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. केरळमध्ये तिरुवनंतपुरम आणि कोझिकोड येथील हलक्या मेट्रोच्या योजनाही अशाच रेंगाळल्या आणि २०१८ मध्ये दिल्ली मेट्रो महामंडळाने त्यांतून अंग काढून घेतले. अशा प्रतीक्षेच्या काळात शहर बसची खरेदी लांबते, रस्त्यांची फेररचना थांबते आणि ‘आता मेट्रोच येणार आहे’ हे प्रत्येक लहान कामाच्या विरोधातले उत्तर होऊन बसते.

पुण्यातील विद्यापीठ चौकाचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. तेथील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आले, कारण त्यांच्या रचनेत पुढे येणाऱ्या मेट्रोला जागाच ठेवलेली नव्हती. त्याच हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, आणि २०२५ साल सरले तरी ती प्रवाशांसाठी खुली झालेली नव्हती. या काळात विद्यापीठाच्या दारातील कोंडी पुणेकरांनी अनुभवली. संभाजीनगरच्या जालना रस्त्यावरही उड्डाणपूल उभे आहेत, हे ध्यानात घेता तेथे काय करावे याइतकाच, कोणत्या क्रमाने करावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

परदेशातील दोन विद्यापीठांची गोष्ट

लाइट रेलचे समर्थक युरोप-अमेरिकेतील विद्यापीठनगरांचा दाखला देतात. त्यातील एक दाखला मुद्दाम तपासण्यासारखा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम आणि चॅपेल हिल ही दोन विद्यापीठांची गावे शेजारी-शेजारी आहेत. एकात ड्यूक विद्यापीठ, दुसऱ्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. ती जोडणारी साडेअठ्ठावीस किलोमीटरची लाइट रेल अनेक वर्षे आखली जात होती. तेथील मतदारांनी त्यासाठी २०११ आणि २०१२ मध्ये विक्रीकरात वाढही मान्य केली. मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाने सहकार्य करारावर सही करण्यास नकार दिला. रुग्णालय आणि प्रयोगशाळांतील संवेदनशील उपकरणांवर कंपनांचा व विद्युतचुंबकीय लहरींचा परिणाम होईल, असा त्याचा एक आक्षेप होता. महिनाभरात प्रकल्पच गुंडाळण्यात आला.

त्याच चॅपेल हिलमध्ये जानेवारी २००२ पासून शहर बसचे तिकीटच रद्द झालेले आहे. शहर, शेजारचे कारबरो हे गाव आणि विद्यापीठ असे तिघे मिळून खर्च उचलतात. विद्यार्थ्यांच्या शुल्कातून त्याचा एक भाग येतो. विद्यापीठाची संमती नसल्याने रेल्वे बुडाली आणि विद्यापीठाच्या सहभागामुळे बस चालली, असे एकाच परिसरात दोन्ही घडले. आपल्याकडील वाहतूक आराखड्यांत विद्यापीठाचे स्थान बहुधा नकाशावरील एका बिंदूपुरते असते. तासिकांच्या वेळा, परीक्षांचे वेळापत्रक, वसतिगृहांची क्षमता आणि विद्यार्थी कोणत्या गावांतून येतात याची नोंद, ही वाहतूक नियोजनाची पहिली सामग्री विद्यापीठाच्याच दप्तरात असते. तिचा उपयोग करण्यासाठी कोणत्याही केंद्रीय मंजुरीची गरज नाही.

जर्मनीतील कार्ल्सरूहचे उदाहरण आणखी निराळे. तांत्रिक विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराने १९९२ मध्ये शहरातली ट्राम थेट मुख्य रेल्वेमार्गावर नेली आणि ब्रेटेन या लहान गावापर्यंत ती धावू लागली. शहरात ७५० व्होल्ट आणि रेल्वेमार्गावर १५ हजार व्होल्ट, अशा दोन्ही दाबांवर चालणारी गाडी त्यासाठी बनवण्यात आली. गावातल्या प्रवाशाला गाडी न बदलता बाजारचौकात उतरता येऊ लागले आणि प्रवासीसंख्या अपेक्षेच्या कितीतरी पुढे गेली. यश मिळाले ते खेडे आणि शहर यांच्यातील गाडीबदल संपवल्यामुळे. देवगावच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच आहे.

आहे त्या रुळांचे काय?

नवे रूळ टाकण्याआधी असलेले रूळ पाहावेत, हे येथून सुचते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद मार्ग सुरू झाला. त्यापूर्वी वेरूळला जाणारे प्रवासी नांदगाव स्थानकात उतरून टांग्याने पुढे येत. देवगाव रंगारीचा परिसर त्या वाटेवरचा. मनमाडहून लोहमार्ग आला तो दक्षिणेकडून, रोटेगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद असा. देवगाव त्यापासून दूर पडले. आज त्याला जवळचे स्थानक लासूरचे. कन्नडमार्गे चाळीसगावला जोडणाऱ्या लोहमार्गाची मागणी जुनी आहे, पण सर्वेक्षणांच्या पुढे ती गेलेली नाही.

मनमाड मार्ग एकेरी असल्यामुळे आजवर त्यावर स्थानिक गाड्यांना पुरेशी जागा मिळू शकली नाही. हे चित्र आता बदलू लागले आहे. मनमाडजवळच्या अंकाईपासून संभाजीनगरपर्यंतचे दुहेरीकरण हाती घेण्यात आले आहे, तर तेथून परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. दुसरा मार्ग पूर्ण होताच रोटेगाव ते जालना अशी सकाळ-संध्याकाळ ठरावीक अंतराने धावणारी मेमू गाडी शक्य होईल. लासूर, दौलताबाद, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड या स्थानकांमुळे विद्यार्थी आणि शेंद्र्याचे कामगार अशा दोघांचीही सोय त्यातून होईल. कार्ल्सरूहप्रमाणे रस्त्यावर उतरणारी गाडी येथे लगेच शक्य नाही. रेल्वे एका मंत्रालयाकडे आणि शहरी वाहतूक दुसऱ्याकडे असल्याने तेवढा समन्वय अवघडच आहे. परंतु देवगाव–लासूर बस आणि लासूरची गाडी यांच्या वेळा जुळवणे, तसेच स्थानकाबाहेर विद्यापीठाची बस उभी ठेवणे, एवढे तरी अशक्य मानण्याचे कारण नाही.

बसविषयीची शंका

बसच्या बाजूने केलेल्या या युक्तिवादावर एक आक्षेप रास्त आहे. याच शहरात बससेवा पुन्हा पुन्हा कोलमडली आहे. २००६ च्या सुमारास खासगी कंत्राटदारामार्फत सुरू झालेली शहर बस काही वर्षांतच बंद पडली. स्मार्ट सिटी योजनेतील १०० बसगाड्यांची सेवा २०१९ च्या प्रारंभी मार्गी लागली. वर्षभरातच करोनाची टाळेबंदी आली. पाठोपाठ २०२१-२२ मधील एसटी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपात गावोगावच्या विद्यार्थ्यांची वाट बंद झाली आणि चालक-वाहकांसाठी महामंडळावर अवलंबून असलेल्या शहर बसलाही त्याची झळ बसली. राखीव बसमार्गांचे भवितव्यही फारसे आश्वासक नाही. देशातील पहिल्या प्रयोगांपैकी असलेली पुण्याची २००६ ची बीआरटी तुटक राहिली. भोपाळ आणि इंदूर येथे तर हे मार्ग काढून टाकण्याचे निर्णय झाले. रूळ एकदा टाकले की कोणी सहज उचलत नाही, हा लाइट रेलच्या समर्थकांचा मुद्दा म्हणूनच वजनदार आहे.

तथापि रूळही उचलले जातात. १८७४ मध्ये सुरू झालेली मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. कोणतीही सेवा टिकते ती तिच्यामागे उभ्या असलेल्या संस्थेच्या बळावर. महापालिका, एसटी महामंडळ, रेल्वे आणि विद्यापीठ यांना एका टेबलाशी बसवणारी, मार्ग व वेळापत्रक ठरवण्याचा आणि खर्चाची वाटणी करण्याचा अधिकार असलेली एकच यंत्रणा आज नाही. ती नसताना बस कोलमडली, हे खरे. ती नसताना साडेसहाशे कोटींचे रूळ कसे टिकतील, याचेही उत्तर द्यावे लागेल.

या दृष्टीने पाहिल्यास कामाचा क्रम आपोआप ठरतो. कन्नड, देवगाव, खुलताबादकडून येणाऱ्या सकाळच्या काही एसटी गाड्या छावणी–नागसेनवनमार्गे विद्यापीठापर्यंत नेणे आणि संध्याकाळी तेथूनच सोडणे, ही पहिली पायरी. त्यास नवा रस्ताही लागत नाही. एसटीचा पास शहर बसमध्ये चालावा, ही दुसरी. ऐतिहासिक दरवाजांजवळील पर्यायी पुलांवर गर्दीच्या वेळी बसला प्राधान्य, ही तिसरी. केंद्राच्या २०२३ च्या पीएम ई-बस सेवेसारख्या योजनांतून मिळणाऱ्या गाड्यांपैकी ठरावीक वाटा विद्यापीठ मार्गाला द्यावा, ही चौथी. दुहेरीकरणाबरोबर स्थानिक रेल्वेची मागणी आतापासून नोंदवणे, ही पाचवी. आणि या सर्वांच्या जोडीने भविष्यातील रुळांसाठी रस्त्याच्या मध्यभागी जागा राखून ठेवावी. ज्या मार्गावर दर मिनिटाला सुटणारी बसही पुरेनाशी होईल, तेथे लाइट रेलची मागणी मोजणीच्या आधारे करता येईल, आणि ती नाकारणे दिल्लीलाही जड जाईल.

२०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर असलेले हे शहर त्यानंतर बरेच वाढले आहे. उद्या येथे रुळांवरची गाडी लागेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तिची वाट पाहत आजच्या विद्यार्थ्याला ताटकळत ठेवता येणार नाही. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे असते. सर्वात वेगाने बांधलेला लोहमार्गही तेवढ्या काळात उभा राहत नाही. देवगाव रंगारीच्या थांब्यावर या जूनमध्ये उभी राहणारी विद्यार्थिनी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तिच्यासाठी जे करता येईल, ते बसनेच करता येईल. तेवढे न करता मांडलेला लाइट रेलचा कोणताही आराखडा तिच्या दृष्टीने कागदावरच राहील.